मागे ठेवायचा कोळसा

भूमिगत कोळसा खाणीच्या नकाशावर सरळ समांतर रेषा असतात, त्यांना छेदणाऱ्या आडव्या रेषा असतात आणि मधल्या जागेत ओळीने मांडलेले शेकडो चौकोन असतात. रेषा म्हणजे कोळसा कापून काढलेल्या वाटा, खाणीच्या बोलीत गॅलऱ्या. चौकोन म्हणजे जागेवर राहू दिलेला कोळसा, पिलर. बल्लारपूर असो, वणीजवळचं राजूर असो की नागपूरच्या उत्तरेचं सावनेर, विदर्भातल्या भूमिगत खाणी याच पद्धतीने खोदल्या गेल्या. कोळशाच्या थरात वाटा कापत पुढे जायचं आणि वरचा शे-दोनशे मीटर खडक, त्यावरची शेतं, घरं, रस्ते, सगळा भार त्या चौकोनांवर सोपवायचा.

हा चौकोन केवढा ठेवायचा? मोठा ठेवला तर कोळसा खालीच राहतो आणि खाण तोट्यात जाते. लहान ठेवला तर माणसं मरतात. या दोन टोकांच्या मधे कुठेतरी एक आकडा आहे आणि तो शोधायला खाण अभियंत्यांना शंभरेक वर्षं लागली. कोळसा मंत्रालयाला २०३० पर्यंत देशातलं भूमिगत उत्पादन वर्षाला १० कोटी टनांवर न्यायचं आहे. आज कोल इंडियाच्या एकूण कोळशात भूमिगत खाणींचा वाटा जेमतेम तीन-चार टक्के आहे. बाकी सगळा उघड्या खाणींतून येतो. म्हणजे उडी मोठी आहे आणि ती यंत्रांच्या जोरावर मारायची आहे. कंटिन्युअस मायनर नावाचं यंत्र त्यात सगळ्यात पुढे. अशा वेळी सगळं बोलणं यंत्राच्या वेगाबद्दल होतं आणि पिलरचा उल्लेख येतो तो ‘अडकून पडलेला कोळसा’ म्हणून. मला हे पटत नाही. पिलरमधला कोळसा खाणीत काम करतो, चोवीस तास, हवेच्या पंख्यासारखं आणि पाण्याच्या पंपासारखं. पंख्याच्या विजेचं बिल आपण नुकसान म्हणून लिहीत नाही.

पिलरचं शास्त्र आज ज्या रूपात शिकवलं जातं, त्याची सुरुवात दक्षिण आफ्रिकेतल्या एका संध्याकाळी झाली.

२१ जानेवारी १९६०. ऑरेंज फ्री स्टेट प्रांतातली क्लाइड्सडेल कंपनीची कोलब्रुक खाण. संध्याकाळी सातच्या सुमारास जमिनीखाली सुमारे ९०० पिलर एकामागून एक चिरडले गेले. त्या वेळी खाली हजारभर माणसं होती. बरेच जण तिरप्या वाटेने बाहेर पडले. सव्वाचारशेहून अधिक माणसं आत राहिली. त्यांतले बहुतेक बासुटोलँड, म्हणजे आजचा लेसोथो, आणि मोझांबिक इथून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय मजूर होते. वरून भोकं पाडली गेली, खाली आवाज लागतो का याची वाट पाहिली गेली. आवाज लागला नाही. प्रेतंही कधी वर आली नाहीत. ती माणसं आजही तिथेच आहेत.

ही घटना अचानक घडली असं म्हणता येत नाही. तीन-साडेतीन आठवडे आधी, २८ डिसेंबर १९५९ ला, याच खाणीच्या एका भागातले पिलर कोसळले होते. त्याआधी काही वर्षं या खाणीत छताला सोडून दिलेला कोळसाही काढून घ्यायचं काम चाललं होतं. पिलर नकाशावर होते तेवढेच राहिले, लांबी-रुंदी तीच. फक्त गॅलरी उंच झाली आणि तिच्याबरोबर पिलरही उंच झाला. वरून पाहिलेल्या नकाशात ही उंची दिसतच नाही.

दुर्घटनेनंतर सरकार आणि खाण उद्योग यांनी मिळून संशोधनाला पैसा दिला. हे काम ज्यांच्याकडे आलं ते मिक्लोश सालामॉन मूळचे हंगेरीचे. १९५६ च्या उठावानंतर देश सोडून इंग्लंडमार्गे दक्षिण आफ्रिकेत पोचलेले. त्यांनी आणि ए. एच. मन्रो यांनी केलेली गोष्ट ऐकायला सोपी वाटते. प्रयोगशाळेत कोळशाचा बोटभर तुकडा दाबून तो किती भाराला फुटतो हे मोजता येतं, पण त्या आकड्यावरून वीस मीटर रुंद पिलरबद्दल भरवशाचं काही सांगता येत नाही. कोळशाच्या पोटात बारीक उभ्या भेगा असतात, मातीचे पातळ पदर असतात; तुकडा लहान असेल तर त्यात त्या भेगा येतच नाहीत, म्हणून तो खोटा मजबूत ठरतो. तेव्हा या दोघांनी खाणी हीच प्रयोगशाळा मानली. दक्षिण आफ्रिकेतल्या १२५ ठिकाणांची मापं गोळा केली: खोली, पिलरची रुंदी, गॅलरीची रुंदी, उंची. त्यांतल्या ९८ ठिकाणचे पिलर उभे होते, २७ ठिकाणचे कोसळलेले. मग असं सूत्र शोधलं जे या दोन गटांना एकमेकांपासून सगळ्यात स्वच्छ वेगळं करेल. १९६७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातले २७ आकडे म्हणजे २७ ठिकाणी खाली आलेला डोंगर, हे वाचताना मी विसरू शकत नाही.

सूत्राचा आशय असा. पिलर जितका रुंद, तितका त्याचा प्रत्येक चौरस मीटर अधिक भार पेलतो. जितका उंच, तितका कमी. रुंदी दुप्पट केली तर दर चौरस मीटरची ताकद ३८ टक्क्यांच्या आसपास वाढते. उंची दुप्पट केली तर ती ३७ टक्क्यांच्या आसपास घटते. ही झाली ताकद. भाराचा हिशेब त्याहून सोपा: प्रत्येक पिलरने आपल्या डोक्यावरचा खडक तर उचलायचाच, शिवाय चारी बाजूंच्या गॅलऱ्यांच्या अर्ध्या-अर्ध्या भागावरचाही. ताकदीला भाराने भागलं की सुरक्षा गुणांक निघतो.

कोलब्रुकशी जातकुळी जुळणारी एक काल्पनिक खाण घेऊ. खोली १५० मीटर, पिलर १२ मीटर चौरस, गॅलरी ६ मीटर. खडक दर घनमीटरला अडीच टन धरला तर १५० मीटरचे होतात ३७५ टन. पण पिलर बाजूच्या गॅलऱ्यांचंही ओझं वाहतो, म्हणून हा आकडा सव्वादोनपट होतो: दर चौरस मीटरला ८४४ टन. आता गॅलरीची उंची २.४ मीटर असेल तर सालामॉन-मन्रो सूत्राने पिलरची ताकद येते सुमारे १,२७० टन. गुणांक दीड. छताचा कोळसा काढून उंची ४.२ मीटर केली की ताकद उतरते ८८० टनांवर. गुणांक १.०४. नकाशावरची एकही रेषा हललेली नाही आणि खाण कड्याच्या टोकावर येऊन उभी राहिली आहे. कोसळलेल्या त्या २७ ठिकाणांचे गुणांक एकच्या आसपासच घुटमळत होते. उभ्या राहिलेल्यांकडे पाहून दोघांनी शिफारस केली १.६ ची. पुढे ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठात याच कामाचा विस्तार झाला, दोन्ही देशांची नोंद एकत्र केली गेली आणि गुणांकाला शक्यतेची जोड मिळाली: १.६३ ला हजारात एक पिलर-मांडणी कोसळण्याची शक्यता, २.११ ला दहा लाखांत एक.

गुणांक एकच्या खाली गेला म्हणजे पिलर फुटणार, एवढ्याने सगळं कळत नाही. तो कसा फुटणार, हेही कळायला हवं. लग्नाच्या मांडवाचा एक खांब काढला तर त्याचं ओझं शेजारच्या खांबांवर जातं. ते आधीच काठावर असतील तर तेही बसतात आणि मग मांडवच बसतो. कोलब्रुकला असंच झालं. रुंदी उंचीच्या तिप्पट-चौपटीहून कमी असली की असा सडपातळ पिलर एकदा फुटला की झटक्यात सगळा भार सोडून देतो. तेच रुंदी उंचीच्या आठ-दहापट असेल तर पिलर फुटला तरी तग धरतो, हळूहळू बसतो, जमीन फुगते, गॅलरी अरुंद होते, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. म्हणून शहाणा आराखडा दोन गोष्टी करतो: पिलर पुरेसे रुंद ठेवतो आणि ठरावीक अंतरावर अख्खी जाड भिंत न कापता सोडतो. तिला बॅरियर म्हणतात. खाणीच्या एका भागात, म्हणजे एका पॅनलमध्ये, सुरू झालेली पडझड दुसऱ्या पॅनलमध्ये जाऊ नये, एवढंच तिचं काम.

पिलरच्या आत काय चालतं, हे पाहायला याच काळात दक्षिण आफ्रिकेत खाणीतच प्रयोग झाले. विटबँकला बिएनियाव्स्की यांनी कोळशाचे दोन मीटरपर्यंतचे ठोकळे जागेवरच कापून, वर जॅक लावून दाबले. उसुतू खाणीत वॅग्नर यांना दिसलं की पिलरच्या कडा आणि कोपरे आधी हार मानतात, गाभा बराच नंतर. खाणीत काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पिलरच्या कडेवरून कोळशाच्या पातळ ढलप्या सुटतात, पायथ्याशी ढीग साचतो, कोपरे गोल होत जातात. आत मात्र गाभा चहूबाजूंनी आवळलेला असतो आणि आवळलेला कोळसा अनेकपट भार पेलतो. धनबादच्या केंद्रीय खाण संशोधन संस्थेत पी. आर. शेओरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय खाणींसाठी जे सूत्र बांधलं, त्यात ही गोष्ट खास लक्षात घेतली आहे. त्यात कोळशाची स्वतःची ताकद येते, म्हणजे झरियाचा कोळसा आणि वर्धा खोऱ्यातला कोळसा एका मापाने मोजला जात नाही. आणि खोलीही येते, कारण जितकं खोल जावं तितका बाजूचा दाब गाभ्याला अधिक आवळून धरतो. ही संस्था आज सिम्फर या नावाने ओळखली जाते आणि देशातल्या बहुतेक यांत्रिक पॅनलचा अभ्यास तिच्याकडून होतो.

भारतातला खाण व्यवस्थापक मात्र वर्षानुवर्षं सूत्राकडे न बघता तक्त्याकडे बघत आला. १९५७ च्या कोल माइन्स रेग्युलेशन्समध्ये एक तक्ता होता: एका बाजूला खोली, दुसऱ्या बाजूला गॅलरीची रुंदी, मधे पिलरच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं किमान अंतर. ६० मीटरपर्यंत खोली आणि ३ मीटर गॅलरी असेल तर १२ मीटर. खोली ३६० मीटरच्या पुढे आणि गॅलरी ४.८ मीटर असेल तर ४८ मीटर. गॅलरी ४.८ मीटरहून रुंद आणि ३ मीटरहून उंच करायची नाही. हा तक्ता ज्यांनी बनवला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तो सावध होता, समजायला सोपा होता आणि त्याने असंख्य जीव राखले. पण तो ज्या खाणीसाठी बनला तिथे कोळसा सुरुंगाने फोडून, टोपल्यांनी आणि टबांनी बाहेर काढला जात होता.

मग यंत्र आलं. भारतात कंटिन्युअस मायनर पहिल्यांदा उतरला तो साउथ ईस्टर्न कोलफिल्ड्सच्या चिरिमिरी भागातल्या अंजन हिल खाणीत, २००२ च्या सुमारास. त्यापाठोपाठ वेस्टर्न कोलफिल्ड्सने तो छिंदवाड्यातल्या तानसी खाणीत नेला. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय नागपूरला. तिच्या खाणी नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि सीमेपलीकडे छिंदवाडा, बैतूल इथे.

यंत्र जवळून असं दिसतं. पुढे आडवा ढोल, त्यावर टंगस्टन कार्बाइडच्या टोकांचे शंभरेक दात. ढोल फिरत वर जाऊन छताजवळ कोळशात घुसतो आणि खाली उतरत थर खरवडून काढतो. धूळ दाबायला पाण्याचे फवारे. खाली पडलेला कोळसा दोन्ही बाजूंचे हात ओढून मधल्या साखळीवर घेतात, साखळी तो मागे उभ्या असलेल्या शटल कारमध्ये टाकते. चालक यंत्रावर बसलेला नसतो. कमरेला रिमोटची पेटी बांधून तो मागे, बोल्ट मारलेल्या छताखाली उभा असतो. यंत्राचं तोंड ज्या छताखाली आहे तिथे अजून एकही बोल्ट नाही, म्हणून तिथे माणसाने पाऊल टाकायचं नाही. यंत्र किती मीटर आत जाऊ द्यायचं आणि मग मागे घेऊन छताला बोल्ट मारायचे, हे खडकाची प्रत पाहून ठरतं. चांगल्या छताखाली दहा-बारा मीटर, खराब छताखाली त्याच्या निम्मंही नाही.

पिलरच्या दृष्टीने या यंत्राने एक गोष्ट चांगली केली. सुरुंगाने कोळसा फोडला की स्फोटाचा हादरा पिलरच्या पोटातही जातो. प्रत्येक बाजूचा पाव मीटरच्या आसपास कोळसा आतून खिळखिळा होतो. यंत्राने कापलेली भिंत सरळ, घट्ट राहते. दक्षिण आफ्रिकेत मॅडन यांनी हे मोजून दाखवलं आणि यंत्राने कापलेला पिलर त्याच मापाच्या सुरुंगी पिलरहून प्रत्यक्षात थोडा रुंद धरावा, असं मांडलं. लहान पिलरमध्ये हा अर्ध्या मीटरचा फायदा चांगलाच जाणवतो.

पण हेच यंत्र दुसऱ्या हाताने त्याहून जास्त काढून घेतं. त्याला आणि शटल कारला वळायला जागा लागते. म्हणून गॅलरी ६ ते ६.६ मीटर रुंद करावी लागते, तक्त्याच्या मर्यादेबाहेर. त्यासाठी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडून वेगळी परवानगी घ्यावी लागते. भारतात तर आणखी एक अडचण आहे. यंत्राला दिले जाणारे अनेक पॅनल आधीच खोदलेले आहेत: तीस-चाळीस वर्षांपूर्वी, सुरुंग लावून, ४.२ मीटर गॅलऱ्यांचे. यंत्र आत न्यायचं तर त्या जुन्या गॅलऱ्या दोन्ही बाजूंनी छिलून रुंद करायच्या. मध्य ते मध्य ३० मीटरची मांडणी घ्या. गॅलरी ४.२ मीटर असताना पिलर २५.८ मीटरचा होता. ती ६.६ केली की पिलर २३.४ मीटरचा उरतो. सव्वादोन-अडीच मीटरचा फरक, कुणाच्या डोळ्यांत भरणारही नाही. पण क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी घटलं, दर चौरस मीटरचा भार २२ टक्क्यांनी वाढला आणि सालामॉन-मन्रोच्या हिशेबाने सुरक्षा गुणांक एक पंचमांशाहून थोडा अधिक खाली आला. कोळसा मात्र २६ टक्क्यांऐवजी ३९ टक्के हाती लागला. उत्पादनाच्या तक्त्यात हा ३९ टक्क्यांचा आकडा येतो. गुणांकाची घट कुठल्या तक्त्यात येते, हे प्रत्येक खाणीने स्वतःला विचारायला हवं.

आकारही बदलतो. काटकोनात वळणं लांब यंत्राला जड जातं म्हणून आडव्या गॅलऱ्या तिरप्या कापतात. पिलर चौरस न राहता कललेला होतो. त्याचे दोन कोपरे टोकदार असतात आणि कोपरा आधी तुटतो हे वर आलंच आहे. अशा पिलरची रुंदी एका बाजूची लांबी मोजून सांगायची नसते. क्षेत्रफळाच्या चौपटीला परिघाने भागायचं, म्हणजे जी येते ती कामाची रुंदी. कागदावर २५ मीटरचा दिसणारा पिलर कामाला २३ मीटरचाही नसू शकतो.

इथपर्यंतचं सगळं उभ्या पिलरबद्दल झालं. भूमिगत खाणकामातला सगळ्यात धोक्याचा भाग पुढे येतो: वाटा कापून झाल्यावर उलट परतताना पिलरच काढून घेणं. त्याला डीपिलरिंग म्हणतात. मागे रिकामी झालेली जागा, तिचं छत खाली येऊ द्यायचं असतं. त्या पडझडीच्या प्रदेशाला खाणीत गोफ म्हणतात. गोफचं छत वेळेवर पडलं तर बरं. ते पडायचं नाकारून एकरभर लटकून राहिलं तर त्याचं सगळं वजन पुढच्या पिलरांवर येतं. यंत्र पिलरमध्ये घुसून तिरपे काप घेतं आणि जाताना एक लहानसा तुकडा मुद्दाम ठेवून जातं. त्याला स्नूक म्हणतात. स्नूक हा पिलरच्या उलट नियमाने चालतो. माणसं आणि यंत्र मागे येईपर्यंत त्याने छत धरलं पाहिजे आणि त्यानंतर त्याने मोडलंच पाहिजे. तो फार लहान राहिला तर यंत्र आत असताना छत येतं. फार मोठा राहिला तर गोफ पडत नाही आणि भार वाढत जातो. काही तासांचं आयुष्य असलेला कोळशाचा खांब योग्य मापाने कापणं हे या साऱ्या विषयातलं सगळ्यात नाजूक काम आहे असं मला वाटतं, आणि ते अंधारात, आवाजात, रिमोटच्या बटणांवर करायचं असतं.

जुन्या खाण कामगारांना लाकडी खुंट आवडायचे, कारण भार वाढला की लाकूड करकरायला लागायचं. पाळीवर देखरेख करणारा सरदार हातातल्या काठीने छत ठोकून पाही. घट्ट छत खणखणीत बोलतं, सुटलेलं छत बद्द. लोखंडी बोल्ट बोलत नाही आणि यंत्राच्या आवाजात काठीचं ऐकू येत नाही. म्हणून आता छतात टेल-टेल बसवतात: वरच्या खडकात खोल अडकवलेली तार, खाली मोजपट्टी. खालचा थर वरच्यापासून ठरावीक मिलिमीटर सुटला की काही टेल-टेलवर दिवा लुकलुकू लागतो. पिलरमध्ये दाब मोजणाऱ्या पेट्या बसवतात. हे सगळं चांगलं आहे. पण दिवा लुकलुकला की यंत्र थांबवायचा अधिकार त्या पाळीतल्या कुणालाही, कुणाला न विचारता असला पाहिजे आणि त्या थांबण्याचा जाब उत्पादनाच्या बैठकीत मागितला जाता कामा नये.

६ मार्च २०२५ ला बैतूल जिल्ह्यातल्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या छतरपूर-१ खाणीत, कंटिन्युअस मायनर चालणाऱ्या भागात, छताचा मोठा तुकडा कोसळला. तीन जण गेले. मरणारे त्या पाळीची देखरेख करणारे लोक होते, म्हणजे सुरक्षा पाहणं हेच ज्यांचं काम. छत पडणं आणि पिलर फुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोन्हींचं माप एकाच आराखड्यात ठरतं: गॅलरी किती रुंद, काप किती खोल, बोल्ट किती अंतरावर.

यंत्रामागोमाग संगणकही आला. आता पिलरांची प्रतिमा पडद्यावर उभी करून भार रंगांत दाखवता येतो. या रंगीत चित्रांवर किती विसंबायचं, याचं उत्तर अमेरिकेतल्या यूटा राज्यातली क्रँडल कॅनियन खाण देते. तिथे दोन्ही बाजूंचा कोळसा लाँगवॉल पद्धतीने काढून झाला होता. मुख्य वाटांच्या संरक्षणासाठी रुंद बॅरियर राखलेले होते. नंतर ते बॅरियरच काढायचं ठरलं. खोली काही ठिकाणी ६०० मीटरच्या पुढे. संगणकी अभ्यास झाला, परवानगी मिळाली. मार्च २००७ मध्ये उत्तरेच्या बॅरियरमध्ये पिलर जोराने फुटले, काम तिथून हलवून दक्षिणेच्या बॅरियरमध्ये नेलं गेलं. ६ ऑगस्टला तिथले पिलर एका झटक्यात गेले. भूकंपमापकांनी ३.९ तीव्रतेची नोंद केली. खाणीच्या मालकाने नैसर्गिक भूकंप झाला असं सांगितलं. भूकंपशास्त्रज्ञांनी दाखवलं की खाण कोसळण्याचाच तो हादरा होता. सहा कामगार आत राहिले. त्यांच्यापर्यंत पोचायला कंटिन्युअस मायनरनेच ढिगारा उपसत लोक आत गेले. १६ ऑगस्टला पिलरच्या भिंती पुन्हा फुटून उडाल्या आणि बचाव करणारे तिघे मेले. सहा जणांना कधीच बाहेर काढता आलं नाही. पुढच्या वर्षी आलेल्या सरकारी चौकशी अहवालाने आराखड्यावर आणि त्यामागच्या संगणकी हिशेबातल्या चुकीच्या गृहीतकांवर बोट ठेवलं. मार्चमध्ये पिलर स्वतःच काय ते सांगून गेले होते. पडद्यावरचा रंग त्या दिवशी बदलायला हवा होता.

कोळसा संपतो, खाण बंद होते, पंप थांबतात, गॅलऱ्यांत पाणी चढतं. पिलर मात्र तिथेच राहतात आणि त्यांचं काम संपत नाही. पाण्यात भिजून, हवेने झिजून त्यांच्या कडा सुटत राहतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसला २६ ऑगस्ट २०२२ ला भरवस्तीतलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. साठ-सत्तर फूट खोल खड्डा पडला, अशा तेव्हा बातम्या होत्या. घरातली माणसं आधीच बाहेर आली होती म्हणून वाचली. आसपासची कुटुंबं हलवावी लागली. खाली जुन्या, कधीच बंद झालेल्या भूमिगत खाणीची पोकळी होती. ज्या पिढीने त्या गॅलऱ्या कापल्या तिने खालची मापं खाणीपुरती पाहिली. वर गाव वाढेल, स्लॅबची घरं होतील, हा विचार कुणाच्या हिशेबात नव्हता. वर वस्ती असेल तिथे सुरक्षा गुणांक दोनच्या खाली चालत नाही, आणि कोळसा काढायचाच असेल तर मोकळी जागा वाळूने भरून काढावी लागते. वर्धा आणि कन्हानच्या वाळूने विदर्भातल्या खाणी अशा भरल्याही गेल्या आहेत. आज नदीची वाळू मिळणं दुरापास्त झालं आहे. वीज केंद्रांची राख आणि उघड्या खाणींचा दगड चुरून वापरायचे प्रयत्न चालले आहेत, ते वेगाने व्हायला हवेत.

जुन्या खाणींचे नकाशे चुकीचे असले तर काय होतं, हे छिंदवाड्याला ठाऊक आहे. १० डिसेंबर १९५४ ला न्यूटन चिकली खाणीत पाणी घुसलं आणि ६३ माणसं बुडाली; तेव्हा तो मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत पाण्याने भरलेल्या जुन्या कामांचा कोळशाचा बांध फुटला, पावणेचारशेच्या आसपास माणसं गेली. पाणी साचलेल्या जुन्या कामांच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय खोदायचं नाही, असा आपला नियम आहे. पण जुनं काम नेमकं कुठे संपतं हेच ठाऊक नसेल, तर हे ६० मीटर मोजायचे कुठून?

म्हणून १० कोटी टनांच्या गोष्टी चालू असताना माझी मागणी अगदी साधी आहे. यंत्र प्रत्येक पिलर आराखड्याप्रमाणे कापत नाही. चालकाचा हात चुकतो, कड सुटते, छत उंच कापलं जातं. आता लेझर स्कॅनर खाणीत नेता येतो आणि एका पाळीत अख्ख्या पॅनलची खरी मापं मिळतात. कापल्यानंतर उरलेल्या पिलरची रुंदी आणि उंची मोजावी, त्यावरून गुणांक पुन्हा काढावा, तो त्या पॅनलच्या फलकावर बत्तीघराजवळ लावावा, खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल अशा मराठीत आणि हिंदीत. आणि खाण बंद होईल त्या दिवशी या मोजलेल्या नकाशाची एक प्रत महासंचालनालयात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात आणि एक वरच्या गावाच्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत जावी. बांधकामाची परवानगी देणाऱ्या टेबलावर ती असली पाहिजे.